कुंपणाबाहेरची जमीन : फ्लाइट सिम्युलेटरमधील विमानतळांच्या पूरक सीनरीचे वाचन (कराड व कवलापूरच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठीत साहित्य, नाटक आणि चित्रपट यांच्या समीक्षेची परंपरा दीर्घ आहे. संगणकावर घडविलेल्या भूमीची समीक्षा मात्र क्वचितच होते. फ्लाइट सिम्युलेटर हा खेळ मानावा की प्रशिक्षणाचे साधन, या प्रश्नापाशीच चर्चा अडते. त्यामुळे सिम्युलेटरमध्ये दिसणारा डोंगर, नदी, गाव आणि धावपट्टी ही कोणीतरी केलेली रचना आहे, त्या रचनेमागे निवडीचे व वगळण्याचे निर्णय आहेत, ही बाब दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात सिम्युलेटरमध्ये बाहेरून आणून बसविल्या जाणाऱ्या विमानतळांच्या पूरक सीनरीचा, म्हणजेच अॅड-ऑन सीनरीचा, एक संहिता म्हणून विचार केला आहे. त्यासाठी सातारा व सांगली हे दोन जिल्हे निवडले आहेत.

या निवडीमागे कारण आहे. या दोन जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा असलेला एकही विमानतळ नाही. कराडजवळ वारुंजी येथे, कोयना प्रकल्पाच्या उभारणीच्या काळात, १९५० च्या दशकात बांधलेली लहान धावपट्टी आहे. सांगलीजवळ कवलापूर येथे एक जुनी, वापरात नसलेली धावपट्टी आहे. प्रवाशाला विमान गाठायचे तर दक्षिणेस कोल्हापूरचे उजळाईवाडी किंवा उत्तरेस पुण्याचे लोहगाव. देशातील पहिली सैनिक शाळा १९६१ पासून साताऱ्यात आहे, तेव्हा आकाशाकडे पाहणाऱ्या मुलांची या भागात वाण नाही. विमान मात्र बहुधा डोक्यावरूनच जाते. अशा प्रदेशातील लहान धावपट्टी संगणकावर उभी करणे ही मुंबई किंवा दिल्लीचे टर्मिनल उभे करण्याहून वेगळ्या जातीची कृती आहे, आणि तिच्या मूल्यमापनाचे निकषही वेगळे असले पाहिजेत.

येथे मांडावयाचा मुद्दा असा की, विमानतळाच्या पूरक सीनरीची परीक्षा तिच्या कडेवर होते. रचनाकाराने स्वतः घडविलेली जमीन जेथे संपते आणि सिम्युलेटरची मूळ जमीन जेथे सुरू होते, तेथे रचनेचा खरेपणा उघडा पडतो. सीनरी बसविताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या कडेवरच उद्भवतात. म्हणून त्या अडचणींचे निवारण केवळ तांत्रिक काम मानता येत नाही. ते त्या संहितेचे वाचनच ठरते.

मूळ भूमी कशी घडते

मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरची पहिली आवृत्ती १९८२ मध्ये आली. त्यातील जग काही रेषा आणि मोजके रंग यांपुरते मर्यादित होते. पुढे २००३ ची ‘अ सेंच्युरी ऑफ फ्लाइट’ ही आवृत्ती आणि २००६ ची ‘फ्लाइट सिम्युलेटर एक्स’ यांच्यापर्यंत संपूर्ण पृथ्वी सामावली गेली. परंतु ती वर्गवारीच्या पद्धतीने. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक वर्ग द्यावयाचा, जसे शेती, झुडपी रान, लहान वस्ती, शहर. आणि त्या वर्गासाठी ठरलेले चित्र तेथे पसरावयाचे. या पद्धतीत वाळव्याचा ऊस आणि जतचे माळरान यांतील अंतर वर्गीकरण करणाऱ्याच्या कृपेवर अवलंबून राहते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातील माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात इतके टोकाचे हवामान सामावून घेणे अशा ठोकळेबाज वर्गवारीला साधणे शक्य नव्हते.

२०२० च्या आवृत्तीत बिंगच्या नकाशांतील छायाचित्रे थेट जमिनीवर पसरली गेली आणि त्यांतील छपरे ओळखून इमारती उभ्या करण्याचे काम यंत्राकडे गेले. ही प्रगती निर्विवाद आहे. तथापि छायाचित्रालाही ऋतू असतो. आकाशातून जमीन टिपण्यासाठी निरभ्र दिवस लागतो, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात असा दिवस दुर्मीळ. परिणामी सिम्युलेटरमधील सातारा बहुधा कोरडा, पिवळट दिसतो. कासच्या पठारावरचा भाद्रपद तेथे उगवतच नाही. यंत्राच्या ओळखण्यालाही मर्यादा आहेत. २०२० मध्ये लंडनचा बकिंगहॅम राजवाडा एखाद्या कचेरीच्या इमारतीसारखा उभा राहिला. मेलबर्नच्या एका उपनगरात २१२ मजल्यांचा सुळका दिसू लागला. त्याचे मूळ ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या खुल्या नकाशात कोणी तरी २ ऐवजी टंकलेल्या २१२ या आकड्यात होते. या प्रसंगाची तेव्हा जगभर थट्टा झाली. वस्तुतः त्यातून गंभीर गोष्ट दिसते : नकाशात लिहिले गेले ते उभे राहते आणि लिहिले गेले नाही ते राहत नाही. मेलबर्नची चूक लक्षात आली, कारण तेथे पाहणारे पुष्कळ होते. खटाव किंवा आटपाडीच्या एखाद्या वाडीतील चूक कोण पाहणार?

ही उणीव भरून काढण्यासाठी पूरक सीनरी अस्तित्वात येते. ती बहुधा हौशी माणसे करतात, आणि अनेकदा ती त्या गावचीच असतात.

स्थापना : थरांचा क्रम

पूरक सीनरी बसविणे म्हणजे फाइली योग्य जागी ठेवणे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते एका जागेविषयीच्या अनेक विधानांचा अग्रक्रम ठरविणे असते. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये ‘कस्टम सीनरी’ नावाच्या फोल्डरात हे सारे ठेवले जाते आणि ‘सीनरी पॅक्स’ नावाच्या साध्या मजकूर-फाइलीत त्यांची यादी असते. यादीत जे वर, त्याचे म्हणणे प्रमाण. विमानतळ वर, मग मूळ विमानतळांचा संच, त्याखाली छायाचित्रांची जमीन आणि सर्वांत तळाशी उंचीचे जाळे, म्हणजे मेश, असा क्रम लागतो. नव्याने आलेला संच मात्र सिम्युलेटर पुढच्या वेळी सुरू होताना यादीच्या माथ्यावर जाऊन बसतो. हा नवा संच मेशचा असेल तर त्याच्याखाली विमानतळ गाडला जातो. वापरणाऱ्यास वाटते, सीनरी बिघडली. बिघडलेला असतो तो फक्त क्रम. यादीतील त्या ओळी उचलून खाली नेल्या की विमानतळ पुन्हा वर येतो.

फ्लाइट सिम्युलेटर एक्सच्या काळातही हेच तत्त्व होते, फक्त ते ‘सीनरी लायब्ररी’ या खिडकीतून चालवावे लागे. सीनरीच्या फोल्डरात ‘सीनरी’ व ‘टेक्स्चर’ असे दोन उपफोल्डर असत, आणि यादीत जोडावयाचा तो त्यांना पोटात घेणारा फोल्डर. टेक्स्चर जागेवर नसेल तर इमारती उभ्या राहत, पण काळ्या किंवा पांढऱ्या, अंगावर काही न ल्यालेल्या. विंडोज ७ वर तर फोल्डर निवडल्यानंतर खिडकीतील रिकाम्या जागेत एकदा टिचकी मारल्याशिवाय तो यादीत येत नसे. ही युक्ती कोणत्याही तर्काने सापडण्यासारखी नव्हती. ती एकाने दुसऱ्याला सांगावी, अशीच पसरली.

सर्वांत सामान्य दोष मात्र सर्वांत क्षुल्लक असतो. उतरविलेली झिप फाइल उघडताना फोल्डरात फोल्डर तयार होतो. एक्स-प्लेनला ‘अर्थ नॅव्ह डेटा’ हा फोल्डर संचाच्या पहिल्याच पायरीवर हवा असतो. २०२० च्या आवृत्तीला ‘कम्युनिटी’ फोल्डरातील प्रत्येक संचाच्या पहिल्या पायरीवर ‘मॅनिफेस्ट’ व ‘लेआउट’ या दोन फाइली हव्या असतात. एक पायरी जरी खोल गेली तरी सिम्युलेटर काही न बोलता तो संच ओलांडून पुढे जातो. दोषाची सूचना न देणारे हे मौन नवख्याला फार छळते. त्या तुलनेत एक्स-प्लेन एका बाबतीत प्रांजळ आहे : सीनरीला लागणारे वस्तुसंग्रह, म्हणजे लायब्ररी, सापडले नाहीत तर ते तसे कळवते, आणि लॉग फाइलीत हरवलेल्या वस्तूचा मार्ग नावानिशी लिहिते. ही लॉग फाइल शेवटून वाचावी की सुरुवातीपासून, यावर जाणकारांत मतभेद आहेत; कार्यक्रम मध्येच बंद पडला असेल तर शेवटून, दृश्य अपुरे असेल तर सुरुवातीपासून, हे व्यवहारात उपयोगी पडते.

लायब्ररीचा प्रश्न समीक्षेच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. हौशी रचनाकार प्रत्येक झाड व प्रत्येक शेड स्वतः घडवत नाही. तो तयार संग्रहांतून उचलतो. हे संग्रह मुख्यतः युरोप व अमेरिकेतील रचनाकारांनी केलेले. परिणामी वारुंजीच्या कुंपणाशेजारी उतरत्या लाल कौलांचे जर्मन वळणाचे घर किंवा अमेरिकी पद्धतीचे धान्याचे कोठार उभे राहू शकते. सीनरी तांत्रिकदृष्ट्या निर्दोष, लॉग स्वच्छ, आणि तरीही कराडच्या माणसाला ते कराड वाटत नाही. असा दोष कोणत्याही लॉगमध्ये येत नाही.

उंचीचा प्रश्न

सिम्युलेटरांतील डोंगरांचा पाया बराच काळ अमेरिकेच्या एन्डेव्हर या अंतराळयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने केलेल्या मोजणीवर राहिला. सर्वांसाठी खुल्या झालेल्या सुरुवातीच्या नोंदींत दोन बिंदूंतील अंतर सुमारे ९० मीटर होते. पुढे सुमारे ३० मीटरचे तपशीलही उपलब्ध झाले. ९० मीटरला एक बिंदू हे माप गंगेच्या मैदानाला पुरते. सह्याद्रीला ते मारक ठरते. दख्खनचा डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला आहे. त्याचे रूप पायऱ्यांचे : सपाट माथा, सरळ तुटलेला कातळकडा, त्याखाली उतार आणि पुन्हा कडा. दोन बिंदूंच्या मधोमध कडा आला की जाळे त्यांना सरळ रेषेने जोडते आणि कड्याचा उतार होतो. अजिंक्यतारा, वसंतगड, सदाशिवगड हे किल्ले अशा जाळ्यात मातीच्या ढिगासारखे गोल होतात. ज्या कड्यामुळे तो डोंगर किल्ला झाला, तोच कडा नाहीसा होतो. साताऱ्यावरून उडणाऱ्याला आपण कुठे आहोत हे ओळखू येत नाही, यामागे पुष्कळदा हे कारण असते.

मग वापरणारा अधिक बारीक मेश आणून बसवितो, आणि नवीच अडचण उभी राहते. फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये विमानतळाला एकच उंची असे. उतरती धावपट्टी त्याला माहीतच नव्हती. त्या ठरावीक उंचीवर विमानतळाची जमीन सपाट केली जाई. नव्या मेशने भोवतालची जमीन दोन-चार मीटर खाली दाखविली की विमानतळ चौथऱ्यावर चढल्यासारखा दिसे. वर दाखविली की खड्ड्यात बसे. दोन्ही प्रसंगी कडेला उभी भिंत तयार होई. कराडची धावपट्टी कोयनेच्या खोऱ्यात, डोंगरांच्या मधल्या सखल पट्ट्यात असल्याने हा दोष तेथे लपण्यासारखा नाही. एक्स-प्लेनमध्ये धावपट्टी जमिनीचा चढउतार घेऊ शकते. मात्र रचनाकार विमानतळ सक्तीने सपाट करण्याची खूण लावू शकतो, आणि ती लावली की तोच चौथरा पुन्हा येतो. अशा वेळी प्रथम ती खूण काढून पाहावी, नंतर मेश बदलावा. उलट क्रमाने गेल्यास दोन दिवस जातात आणि कारण सापडत नाही.

सपाट करण्याची ही सवय सोयीची आहे, हे मान्य. पण चांगल्या सीनरीत रचनाकार जमिनीपुढे नमतो, आणि ते कडेला दिसते. विमानतळाच्या आतील प्रत्येक दिवा अचूक असूनही कुंपणाशी उभी भिंत असेल, तर त्या रचनेला उत्तम म्हणता येत नाही.

वगळलेला चौकोन

एक्स-प्लेनच्या सीनरीरचनेत ‘एक्स्क्लूजन झोन’ नावाचे एक साधन आहे. मूळ भूमीत यंत्राने उभी केलेली घरे किंवा झाडे धावपट्टीवर येऊ नयेत म्हणून रचनाकार नकाशावर एक क्षेत्र आखतो; त्या क्षेत्रातील मूळ वस्तू नाहीशा होतात. हे क्षेत्र आयताकृती असते आणि त्याच्या बाजू पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण अशाच राहतात. ते तिरके फिरविता येत नाही. धावपट्टी मात्र वाऱ्याच्या दिशेने आखलेली, म्हणजे बहुधा तिरकी. तिरकी धावपट्टी सरळ आयतात बसवायची तर आयत मोठा घ्यावा लागतो, आणि कोपऱ्यांत जे काही असते ते विनाकारण पुसले जाते. काळजीवाहू रचनाकार एका मोठ्या आयताऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी अनेक लहान आयत ठेवतो. त्याला वेळ लागतो, म्हणून बहुसंख्य जण ते करीत नाहीत.

वारुंजीच्या बाबतीत हा तांत्रिक तपशील तांत्रिक राहत नाही. कराड विमानतळाच्या विस्ताराचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा बागायती जमीन संपादित करण्यास परिसरातील शेतकऱ्यांनी विरोध केला. धावपट्टी सव्वा किलोमीटरच्या आसपास. ती वाढवायची तर जमीन लागते, आणि ती जमीन पाण्याखालची, उसाची. प्रत्यक्षात ज्या कोपऱ्यांसाठी माणसे रस्त्यावर आली, ते कोपरे सिम्युलेटरमध्ये माउस ओढून मोकळे होतात. रचनाकाराचा तसा हेतू नसतो, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु संहितेचा अर्थ हेतूपुरता मर्यादित नसतो. कुंपणालगतची वस्ती आणि ऊस पुसून टाकणारी सीनरी, नकळत का होईना, ती जमीन आधीपासून मोकळीच होती असे सांगते.

कराडच्या आदर्श सीनरीत काय असावे, याचे उत्तरही कुंपणाबाहेरच आहे. अशा धावपट्टीवर येणारा वैमानिक यंत्रांपेक्षा डोळ्यांनी वाट शोधतो. त्याला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम हवा : दोन नद्या समोरासमोर येऊन मिळतात आणि प्रवाह काटकोनात वळतो, ही आकृती वरून क्षणात ओळखू येते. पश्चिमेस पाटण तालुक्यातील वनकुसवडे पठारावरच्या पवनचक्क्या हव्यात. त्या खूणही आहेत आणि अडथळाही. गळीत हंगामात साखर कारखान्यांच्या धुराड्यांतून निघणारा धूर हवा, कारण वाऱ्याची दिशा तोच सर्वांत आधी सांगतो. पुणे-बंगळूर महामार्ग मूळ भूमीत असतोच. या खुणा नीट असतील आणि विमानतळाची इमारत साधा ठोकळा असेल, तरी चालेल. प्रत्यक्षात बहुतेक रचनाकारांची मेहनत उलट्या दिशेने जाते : इमारतीच्या खिडक्यांवर महिना, प्रीतिसंगमावर एक दुपार.

कोल्हापूरचा विषय येथे ओझरता घ्यावा लागतो, कारण सांगलीच्या वापरकर्त्याचे सिम्युलेटरमधील उड्डाण बहुधा तेथूनच सुरू होते. १९३९ मध्ये सुरू झालेल्या या विमानतळाची धावपट्टी मागील काही वर्षांत वाढली आणि १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. जुनी सीनरी आणि नवी दिशादर्शन माहिती एकत्र आली की धावपट्टीची टोके जुळत नाहीत; विमान उतरण्याची वाट गवतावर नेते. हा दोष स्थापनेचा नसून काळाचा असल्याने फाइली कितीही वेळा पुन्हा बसविल्या तरी तो जात नाही. सीनरीच्या वाचकाने प्रकाशनवर्ष पाहण्याची सवय लावून घेणे आवश्यक आहे. ग्रंथसमीक्षेत आवृत्ती पाहिली जाते, त्याच कारणाने.

कवलापूर

सिम्युलेटरच्या जगात प्रत्येक विमानतळाची ओळख त्याच्या संकेतावरून होते. मुंबईचा व्हीएबीबी, पुण्याचा व्हीएपीओ, कोल्हापूरचा व्हीएकेपी. वापरात नसलेल्या धावपट्टीला अशी ओळख राहत नाही, आणि ओळख नाही म्हणून शोधल्यावर ती सापडत नाही. कवलापूरला विमानतळ व्हावा ही सांगलीकरांची मागणी वर्षानुवर्षांची आहे. त्यामुळे कवलापूरची सीनरी करावयास घेणाऱ्यापुढे तंत्राआधी एक निवड येते : आहे ती धावपट्टी दाखवायची की हवा तो विमानतळ?

याला जगातील एक दाखला उपयुक्त आहे. शिकागो येथील मेग्ज फील्ड हे सरोवराकाठचे लहान विमानतळ मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये अनेक वर्षे आरंभाचे ठिकाण होते. मार्च २००३ मध्ये महापालिकेने रातोरात यंत्रे लावून त्याची धावपट्टी उखडली. पुढे ते सिम्युलेटरमधूनही वगळले गेले आणि चाहत्यांनी पूरक सीनरीच्या रूपाने ते परत आणले. मेग्जची ती सीनरी स्मृतीचे काम करते : जे होते, ते तसेच दाखविते. कवलापूरला चकचकीत टर्मिनल आणि उभी प्रवासी विमाने दाखविणारी सीनरी कोणी केली, तर ती याच्या उलट, जे नाही ते दाखवील. अशी रचना इच्छा म्हणून समजण्यासारखी आहे. परंतु अशी चित्रे संगणकाच्या पडद्यावरून मोबाइलवर आणि मोबाइलवरून सभेच्या फलकावर जावयास वेळ लागत नाही, आणि तेथे पोचल्यावर ती आश्वासनासारखी वाचली जातात.

एक्स-प्लेनच्या विमानतळ-भांडारात बंद विमानतळाच्या नावाआधी फुलीचे चिन्ह लावण्याचा संकेत आहे. कवलापूरच्या प्रामाणिक सीनरीची सुरुवात त्या फुलीने व्हावयास हवी. धावपट्टीच्या फटींतून उगवलेले गवत, न फडकणारी, कारण नसलेलीच, वाऱ्याची पिशवी, भोवतालची शेते, आणि दूरवर कृष्णेवरचा १९२९ चा आयर्विन पूल : एवढ्यावर ती पूर्ण होते. ज्यांना भविष्यातला विमानतळ पाहावयाचा आहे त्यांच्यासाठी दुसरा संच वेगळ्या नावाने, वेगळ्या फोल्डरात आणि ‘कल्पित’ असे स्पष्ट लिहून करता येईल. बसविताना मात्र दोहोंपैकी एकच चालू ठेवावा लागेल. दोन्ही चालू राहिल्यास गवतातली जुनी धावपट्टी नव्या डांबरातून जागोजागी वर आलेली दिसते.